सूत आणि स्मृती

मांडणीशिल्प या नावाने ओळखला जाणारा कलाप्रकार आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबांस आता अगदीच अपरिचित राहिलेला नाही. चित्र भिंतीवर असते व आपण त्याच्यासमोर उभे राहतो. मूर्ती चौथऱ्यावर असते व आपण तिच्याभोवती फिरतो. मांडणीशिल्पात मात्र सारे दालनच कलाकृती होते आणि प्रेक्षकास तिच्या आत शिरावे लागते. या प्रकारातील सुताची शाखा गेल्या काही वर्षांत जगभर विशेष गाजली आहे. छतापासून जमिनीपर्यंत हजारो धागे ताणलेले, एकमेकांत गुंतविलेले, आणि त्या जाळ्यात एखादी जुनी नाव, खुर्ची, किल्ली वा अंगरखा अडकलेला. प्रेक्षकाने त्यातून वाट काढीत जावे आणि मरण, आठवण व माणसामाणसांतील नाते यांविषयी काहीतरी मनात घेऊन बाहेर पडावे, अशी या कलेची प्रतिज्ञा आहे. ती प्रतिज्ञा कितपत पुरी होते हे पाहण्याचा आमचा विचार आहे. आणि त्यासाठी जो मापदंड आम्ही हाती घेणार आहोत तो वर्धा जिल्ह्यातील आहे. जेथे कापूस पिकतो, जेथे सूत कातणे हे एके काळी राष्ट्रीय व्रत होऊन बसले होते आणि जेथे एका महापुरुषाच्या स्मृतीस आजही सुताचीच ओंजळ वाहिली जाते, त्या जिल्ह्यास या विषयात बोलण्याचा अधिकार आहे असे आम्हांस वाटते.

या कलेविषयी आपल्याकडे दोन तऱ्हेची मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो की, ही कोळिष्टके आहेत; घरात असती तर केरसुणीने काढली असती. दुसरा पक्ष त्या परदेशात गाजल्या एवढ्याच कारणाने त्यांपुढे हात जोडतो. पहिल्या पक्षाला पाहण्याचे श्रम नकोत आणि दुसऱ्याला विचाराचे. खऱ्या रसिकाने दोन्ही श्रम करावयास हवेत. म्हणून प्रथम या कलेतील जे सर्वोत्तम आहे तेच पुढे घेऊ.

जपानमधील ओसाका येथे १९७२ साली जन्मलेल्या व बर्लिन येथे राहणाऱ्या चिहारू शिओता यांचे नाव या क्षेत्रात अग्रगण्य आहे. २०१५ साली व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात जपानच्या दालनात त्यांनी 'हातातील किल्ली' या नावाची रचना मांडली. दोन जुन्या नावा, त्यांवर तांबड्या सुताचे घनदाट आभाळ, आणि त्या आभाळातून लोंबणाऱ्या पन्नास हजारांहून अधिक किल्ल्या, असे तिचे स्वरूप होते. या किल्ल्या निरनिराळ्या देशांतील लोकांनी वापरलेल्या व पाठविलेल्या होत्या. ज्या किल्लीने कोणाचे घर रोज उघडले, ती आता कोणतेच कुलूप उघडणार नाही. परंतु ज्या हातांनी ती फिरविली त्यांची ऊब तिच्या झिजलेल्या कडांवर राहून गेली आहे, ही कल्पना साधी असून मनाला भिडणारी आहे. त्यांच्या दुसऱ्या एका रचनेत जळालेला पियानो व जळालेल्या खुर्च्या काळ्या सुताच्या जाळ्यात उभ्या असतात. लहानपणी शेजारचे घर जळाले आणि दुसऱ्या दिवशी त्या घरातील पियानो बाहेर जळून पडलेला त्यांनी पाहिला. वाद्य मुके झाले होते, तरी त्याचे मौन ऐकू येत होते, अशा त्या आठवणीतून ही रचना जन्मली. २०१९ साली तोक्यो येथील मोरी कलासंग्रहालयात त्यांचे जे मोठे प्रदर्शन भरले, ते ठरत असतानाच त्यांस कर्करोग उलटल्याचे कळले होते. ते प्रदर्शन सहा लाखांहून अधिक लोकांनी पाहिले. तेव्हा हे सूत केवळ नावीन्याच्या हौसेने ताणलेले आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यामागे मरणाशी समोरासमोर झालेली गाठ आहे.

परंतु कलावंताचे दुःख खरे असले म्हणजे कलाकृती आपोआप खरी ठरत नाही. तिने ते दुःख आपल्या द्रव्यातून, म्हणजे येथे सुतातून, सिद्ध केले पाहिजे. धागा हे आयुष्याचे व नात्याचे प्रतीक आहे, ही गोष्ट तर मानवजातीस फार पूर्वीपासून माहीत आहे. ग्रीक पुराणांतील तीन दैवदेवतांपैकी एक माणसाच्या आयुष्याचे सूत कातते, दुसरी ते मापते आणि तिसरी कात्रीने तोडते. आपण मोठ्या दुखण्यातून उठलेल्या माणसास 'आयुष्याची दोरी बळकट' असे म्हणतो, तेव्हा तीच कल्पना नकळत बोलून जातो. ग. दि. माडगूळकरांनी 'जगाच्या पाठीवर' (१९६०) या चित्रपटासाठी मानवी जीवनास वस्त्राची उपमा देणारे गीत लिहिले आणि ते घरोघरी गेले, याचेही कारण हेच की, ती उपमा ऐकणाऱ्याच्या मनात आधीच तयार होती. ज्येष्ठी पौर्णिमेस स्त्रिया वडाच्या बुंध्याभोवती सूत गुंडाळतात. त्या व्रतातील पतीविषयीचा भाव आजच्या पुष्कळ स्त्रियांस जसाच्या तसा पटत नाही, आणि तो न पटण्यास कारणेही आहेत. पण दृश्य म्हणून पाहिले तर यमाच्या हातून माणूस सोडवून आणण्याची कथा मनात धरून शंभर हातांनी एका झाडाभोवती सुताचे वेढे घालणे, ही मांडणीशिल्पाच्या कोणत्याही व्याख्येत बसणारी गोष्ट आहे. सारांश, सुताला अर्थ देण्याचे श्रेय नव्या कलावंतास मिळावयाचे नाही. तिच्या कामाची किंमत करावयाची ती एकाच प्रश्नावरून: जुन्या प्रतीकात तिने स्वतःचे म्हणून काय ओतले?

या प्रश्नाचे एक उत्तम उत्तर आपल्याच देशात मिळते. कर्नाटकातील शीला गौडा यांची 'आणि त्याला माझे दुःख सांग' ही १९९८ पासून वेगवेगळ्या रूपांत मांडली गेलेली रचना घ्या. त्यांनी लांबच लांब धागे सुयांच्या नेढ्यांतून ओवले, ते ओढून दुहेरी केले, अशा धाग्यांचा जुडगा डिंक व कुंकू लावून एकजीव केला आणि त्याचा तांबडा दोर दालनात सोडला. दोराच्या टोकाशी सुयांचा झुबका तसाच लोंबत ठेवला. दुरून तो दोर नाळेसारखा, आतड्यासारखा वा रक्ताच्या ओघळासारखा दिसतो. जवळ गेल्यावर कळते की, यातील प्रत्येक तार कोणाच्या तरी बोटांनी सुईतून काढलेली आहे. शिवणाऱ्या बाईचे न मोजलेले श्रम, तिचे न बोललेले दुखणे, सौभाग्याचे कुंकू आणि टोचणारी सुई या चारही गोष्टी एकाच दोरात वळल्या गेल्या आहेत. शिओता यांच्या जाळ्यात सूत वस्तूंना वेढते. गौडा यांच्या दोरात सूत स्वतःच घडलेल्या गोष्टीची साक्ष देते. आमच्या मते दुसरे अधिक अवघड आहे. सूत जेव्हा नुसते प्रतीक म्हणून टांगले जाते तेव्हा त्याच्या जागी तार, दोरी वा फीत टांगली तरी फारसे बिघडत नाही. परंतु जेव्हा त्यात कोणाचा वेळ व कोणाचे हात उतरतात, तेव्हा त्याची जागा दुसरे काहीच घेऊ शकत नाही.

येथून वर्ध्याकडे वळणे सोपे आहे. कारण सुतात माणसाचा वेळ साठवावयाचा असतो हा विचार जेवढ्या निष्ठेने या जिल्ह्यात आचरला गेला तेवढा क्वचितच कोठे आचरला गेला असेल. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावच्या काँग्रेसमध्ये, गांधीजी अध्यक्ष असताना, सभासदाने दरमहा २,००० वार सूत द्यावे असा नियम मान्य झाला. वर्गणी नाण्यांत न घेता तासांत घेण्याचाच हा प्रकार होता. तो नियम फार दिवस टिकला नाही, पण त्यातील कल्पना टिकली. १९३४ साली गांधीजी वर्ध्यास आले, १९३६ साली शेगावास राहावयास गेले आणि त्या खेड्याचे पुढे सेवाग्राम झाले. त्याच काळात विनोबांनी नालवाडीस केवळ सूत कातून मिळणाऱ्या मजुरीवर निर्वाह करण्याचा प्रयोग केला. वर्ध्यातील मगन संग्रहालय १९३८ साली गांधीजींच्या हस्ते उघडले गेले, ते ज्यांच्या नावाचे आहे ते मगनलाल गांधी चरख्याच्या शास्त्रासाठी झटून १९२८ सालीच वारले होते. म्हणजे ज्या संग्रहालयात आपण कातण्याची साधने पाहावयास जातो, तेच मुळी एका मृताचे स्मारक आहे.

याच सेवाग्रामातून १९४२ च्या ऑगस्टात कस्तुरबा गांधीजींसह मुंबईस गेल्या, त्या परत आल्या नाहीत. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी पुण्यात आगाखान महालातील बंदिवासात त्यांचा अंत झाला. अंत्यसंस्काराच्या वेळी त्यांच्या अंगावर गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताची साडी होती. मरण, आठवण व नाते यांविषयी सुताने जे काही सांगावयाचे ते या एका वस्त्राने सांगून टाकले आहे असे आम्हांस वाटते. बासष्ट वर्षांच्या संसारातील बोललेले आणि न बोललेले सारे त्या सुताच्या पिळात होते. आणि ते वस्त्र जपून ठेवण्यासाठी नव्हतेच, देहाबरोबर जाण्यासाठी होते. त्याचे प्रदर्शन कोठेही मांडता येणार नाही, आणि मांडण्याची गरजही नाही.

चार वर्षांनी, ३० जानेवारी १९४८ रोजी, गांधीजींची हत्या झाली. १२ फेब्रुवारीस देशातील अनेक नद्यांत त्यांच्या रक्षेचे विसर्जन झाले. त्यांत वर्ध्याजवळच्या पवनारची धाम नदीही होती. नदीच्या पात्रातच त्या जागेचे स्मारक आहे आणि समोरच्या काठावर विनोबांचा आश्रम आहे. विसर्जनाच्या या दिवशी दरवर्षी मेळावा भरावा आणि प्रत्येकाने आपल्या हाताने कातलेली सुताची एक गुंडी वाहावी, अशी प्रथा विनोबांच्या प्रेरणेने रूढ झाली. तीस सूतांजली म्हणतात. फुलाच्या ओंजळीऐवजी सुताची ओंजळ, एवढाच वरवर दिसणारा फरक. पण कलेच्या दृष्टीने तो पाहण्यासारखा आहे.

गुंडी म्हणजे काय हे आजच्या वाचकांपैकी पुष्कळांस ठाऊक नसेल. फाळक्यावर चार फुटांचा एक वेढा म्हणजे एक तार, आणि अशा ६४० तारा म्हणजे एक गुंडी. म्हणजे तीत २,५६० फूट, सुमारे पाऊण किलोमीटर सूत असते. त्यासाठी कापसातून सरकी काढावी लागते, तो पिंजावा लागतो, त्याचे पेळू करावे लागतात, आणि मग चातीवर एकेक तार ओढावी लागते. तार तुटते, सांधावी लागते. सांधलेली गाठ हाताला लागते. सरावलेल्या माणसासही तासाहून अधिक वेळ बसावे लागते, नवख्याचे तर कित्येक दिवस जातात. तो सगळा वेळ, त्या तारेच्या ओढीइतका सावकाश, मृताच्या आठवणीत जावा अशी अपेक्षा आहे. शिओता यांच्या दालनात प्रेक्षक आठवणीच्या आत शिरतो. पवनारला येणारा माणूस आठवण स्वतः कातून घेऊन येतो. पहिल्या ठिकाणी तो पाहुणा आहे, दुसऱ्या ठिकाणी कर्ता आहे.

दोहोंतील आणखी एक भेद विसर्जनाचा आहे. मांडणीशिल्पाचे प्रदर्शन संपले की ते ताणलेले सूत कापून उतरविले जाते. तशी जागा व तसे जाळे पुन्हा होत नाही. यातही एक सत्य आहे, कारण मरणाविषयीच्या कलाकृतीने स्वतः नाशिवंत असावे हे योग्यच होय. पण सूतांजलीतील सूत विणकराकडे जाण्याजोगे असते. ते पुढे कोणाच्या तरी अंगावरील कापड होऊ शकते. दुःखाला उपयोगाचे रूप देणे म्हणजे त्याचा अवमान असे काही कलावंत मानतात. आम्हांस ते पटत नाही. तेराव्या दिवसाच्या जेवणापासून श्राद्धातील दानापर्यंत आपल्या साऱ्या परंपरेने मृताच्या नावाने जिवंताला काही देण्यातच शोकाची सांगता मानली आहे.

इतके म्हटल्यावर वाचक विचारतील की, मग ही नवी सूत्रकला कशाला हवी, आपली सूतांजली पुरे. येथे आम्ही थोडे थांबू इच्छितो. सूतांजली हा विधी आहे, आणि विधीचे जे दोष असतात ते तिच्यातही शिरू शकतात. ज्या दिवशी गुंडी कातण्याऐवजी दुकानातून आणून वाहिली जाईल, त्या दिवशी तिच्यात सूत राहील, वेळ राहणार नाही. चरखा पुष्कळ ठिकाणी आता पुतळ्यासारखा उभा असतो. त्याला हार पडतात, त्यावर सूत पडत नाही. शिवाय साऱ्या गुंड्या सारख्या असतात. त्यातील समता मोठी आहे, पण ज्याचे त्याचे खाजगी दुःख तीत ओळखू येत नाही. शिओता यांच्या पन्नास हजार किल्ल्यांतील प्रत्येक किल्ली वेगळी होती. एका आईची, एका सोडून दिलेल्या खोलीची, एका न परतलेल्या माणसाची. एका महात्म्याच्या आठवणीत सामील होणे वेगळे आणि आपल्या घरातील मृताला जागा मिळणे वेगळे. विधीने ज्याला जागा दिली नाही त्याला कला जागा देते. म्हणून दोहोंस परस्परांची गरज आहे: विधीने कलेस श्रमाचा धडा द्यावा आणि कलेने विधीस व्यक्तीच्या दुःखाची आठवण करून द्यावी.

आणि ही आठवण वर्धा जिल्ह्यास आज कोणी करून द्यावयाची असेल तर ती कोणती, हेही स्पष्ट बोलले पाहिजे. ज्या जिल्ह्यातील हिंगणघाटचा कापूस एकोणिसाव्या शतकात व्यापाऱ्यांच्या तोंडी उत्तम कापसाचे नाव होऊन बसला होता, त्याच जिल्ह्याचा समावेश २००६ साली केंद्र सरकारने शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे जाहीर केलेल्या मदतयोजनेतील विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत झाला. पऱ्हाटी लावणारा, कर्ज काढणारा आणि बोंड फुटले तरी भाव न मिळणारा तो माणूस गेला. त्याच्या नावाची गुंडी कोठे वाहिली जाते? त्याची विधवा कापूस वेचावयास पुन्हा शेतात जाते. तिच्या बोटांना बोंडाची टरफले टोचतात ती सुईहून कमी टोचत नाहीत. सूत्रकलेचा एवढा मोठा विषय, तिच्या द्रव्याच्या मुळाशीच, सेवाग्रामपासून काही कोसांवर उभा आहे. तोक्यो वा व्हेनिसच्या नकलेने तांबड्या दोऱ्यांचे जाळे येथे कोणी ताणील तर ते आम्हांस पटणार नाही. पण त्या घरांतील माणसांनी कातलेल्या, त्यांच्या शेतातील कापसाच्या, गाठी न लपविलेल्या सुताने कोणी मराठी कलावंत एक दालन भरील, तर ते पाहावयास आम्ही आनंदाने म्हणण्यापेक्षा आदराने जाऊ. अशा कामात कलावंताने एकट्याने ताणलेले सूत पुरणार नाही. ज्यांचे दुःख त्यांचेच हात त्यात असले पाहिजेत, आणि प्रदर्शन संपल्यावर ते सूत कापून न टाकता विणावयास दिले पाहिजे.

तेव्हा आमचा अभिप्राय असा की, या नव्या कलेस कोळिष्टक म्हणून हसू नये आणि नवलाई म्हणून डोक्यावर घेऊही नये. शिओता यांनी शोकाला एक असे घर बांधून दिले की, ज्यात परके लोकही शिरून आपापले मृत आठवू शकतात. ही लहान देणगी नव्हे. पण त्या घरात प्रेक्षकाला करावयास काही उरत नाही, ही तिची मर्यादा आहे. ज्यांस ही मर्यादा प्रत्यक्ष समजून घ्यावयाची असेल त्यांनी मगन संग्रहालयातील चरखे मुलांबाळांसह पाहावेत, एखाद्या १२ फेब्रुवारीस पवनारास जावे, आणि शक्य झाल्यास घरी टकळीवर का होईना, आपल्या गेलेल्या माणसाच्या नावाने थोडे सूत कातून पाहावे. ते जाडेभरडे होईल, वारंवार तुटेल. तुटलेले टोक हातात धरून पुन्हा सांधताना ज्या विचाराने बोटे थबकतील, त्या विचारावरून या कलेतील खरे काम कोणते आणि नुसती सजावट कोणती, हे वाचकांस आमच्याहून चांगले ठरविता येईल.